फुप्फुस-कर्करोगाची चाळणी : चार शब्दांचा अर्थविचार

कर्करोगाच्या अनेक प्रकारांत फुप्फुसाचा कर्करोग हा आज जगात सर्वाधिक बळी घेणारा प्रकार होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगातील सुमारे २५ लक्ष लोकांना हा रोग जडला आणि सुमारे १८ लक्ष लोक त्यामुळे मृत्यू पावले. त्याच वर्षी भारतात सुमारे ८० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाले असावेत, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. नव्या रुग्णांचा आकडा आणि मृत्यूंचा आकडा एकमेकांच्या इतके निकट असावेत, यातच या रोगाचे स्वरूप प्रकट होते. फुप्फुसाच्या अंतर्भागाला वेदनेची जाणीव नसल्यामुळे तेथे वाढणारी गाठ दीर्घकाळ मूक राहते. खोकला, थुंकीवाटे रक्त, दम लागणे, वजन घटणे ही लक्षणे दिसू लागतात तोवर रोग बहुधा पसरलेला असतो आणि शस्त्रक्रियेने तो समूळ काढून टाकण्याची संधी निघून गेलेली असते.

लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग शोधून काढावा, हा यावरचा सहज सुचणारा उपाय. तो इतका स्वयंसिद्ध वाटतो की, त्याला पुरावा मागणे हे कोणास अनाठायी वाटेल. तथापि १९७१ साली अमेरिकेत या उपायाची पद्धतशीर कसोटी सुरू झाली, तेव्हापासून त्याचा निर्विवाद लाभ प्रथम सिद्ध होईपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, चाळीस वर्षे लोटली. या विलंबाचे एक कारण साधनांच्या मर्यादेत आहे. दुसरे कारण मात्र संकल्पनांच्या क्षेत्रातील आहे. या विषयाची सारी चर्चा ‘चाळणी’, ‘आढळणे’, ‘लाभ’ आणि ‘जोखीम’ या चार शब्दांवर उभी आहे, आणि या चारही शब्दांचा शास्त्रातील अर्थ व्यवहारातील अर्थाहून निराळा आहे. व्यवहारातील अर्थ मनात धरून जो मनुष्य या तपासणीस संमती देतो, तो एका वेगळ्याच गोष्टीस संमती देत असतो. यास्तव या चार शब्दांचा क्रमाने विचार करून, त्यांच्या आधारे आजवरचा पुरावा आणि त्याचा भारतीय परिस्थितीशी असलेला संबंध येथे मांडला आहे.

१. चाळणी

ज्याला रोगाचे कोणतेही लक्षण जाणवत नाही, अशा माणसांच्या समूहाला एखादी सोपी व झटपट होणारी परीक्षा लावून, त्यांतून रोग असण्याचा संभव अधिक असलेली माणसे वेगळी काढणे, म्हणजे चाळणी होय. अमेरिकेतील दीर्घकालीन रोगांविषयीच्या आयोगाने १९५१ साली या संज्ञेची जी व्याख्या ठरविली, तिचा आशय साधारणतः हाच आहे; आणि चाळणी म्हणजे निदान नव्हे, ही गोष्टही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आली. पुढे १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर यांनी लिहिलेल्या ग्रंथात एखादा रोग चाळणीस योग्य केव्हा समजावा याच्या दहा कसोट्या घालून देण्यात आल्या. रोग महत्त्वाचा असावा, त्याची सुप्त अथवा आरंभीची अवस्था ओळखता यावी, परीक्षा लोकांना मान्य होण्याजोगी असावी, रोग सापडल्यावर त्यावर उपचार उपलब्ध असावा, आणि या साऱ्याचा खर्च वैद्यकीय सेवेच्या एकूण खर्चाशी तोलून पाहिला जावा, या त्यांतील प्रमुख होत.

मराठीत या संज्ञेसाठी ‘तपासणी’ हा शब्द सर्रास योजला जातो. परंतु तपासणी रुग्णाचीही होते आणि निरोग्याचीही होते. त्यामुळे नेमका जो भेद ध्यानात यायला हवा तोच या शब्दात लोपतो. ‘चाळणी’ हा शब्द या दृष्टीने अधिक अर्थवाही आहे. चाळणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची नेमणूक झालेली नसते. त्याला पुढील परीक्षेस बसण्याची केवळ पात्रता मिळालेली असते, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. कर्करोगाच्या चाळणीतही नेमके हेच घडते. चाळणीवर जे राहिले ते सारे रोगी नव्हेत, आणि चाळणीतून जे खाली गेले ते सारे निश्चित निरोगी, असेही नव्हे. रुग्णालयीन व्यवहारात रूढ झालेला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द मात्र सामान्य माणसाच्या कानी ‘रोग झाला’ याच अर्थाने पडतो. ‘पुढील तपास आवश्यक’ हा त्याचा खरा अर्थ त्यात कोठेही उमटत नाही.

‘निदान’ या शब्दाचा प्राचीन अर्थ येथे उद्बोधक ठरेल. संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. आयुर्वेदात रोग ओळखण्याची जी पाच साधने सांगितली आहेत, त्यांत निदानानंतर ‘पूर्वरूप’ म्हणजे रोग पूर्ण प्रकट होण्यापूर्वीची सूचक चिन्हे येतात. आधुनिक चाळणीचे क्षेत्र या पूर्वरूपाच्याही अलीकडचे आहे. तेथे चिन्हच नसते; असते ती केवळ संभाव्यता. म्हणूनच ज्याच्या थुंकीतून रक्त पडते, अथवा ज्याचा खोकला आठवडेच्या आठवडे हटत नाही, असा मनुष्य चाळणीचा विषयच नव्हे. त्याला निदानाची गरज आहे, आणि तीही विनाविलंब.

या भेदातून एक नैतिक भेदही उद्भवतो. रुग्ण आपल्या पीडेने वैद्याकडे येतो. चाळणीत वैद्यकशास्त्र आपण होऊन निरोगी माणसाच्या दारी जाते. जो मागावयास आला त्याला उपलब्ध असेल ते उत्तम देणे, एवढे पहिल्या प्रसंगी पुरते. दुसऱ्या प्रसंगी मात्र देऊ केलेल्या गोष्टीने हितापेक्षा अहित अधिक होणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

२. आढळणे

रोग लवकर आढळला म्हणजे रोगी वाचला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती फसवी ठरू शकते, याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७१ साली सुरू केलेल्या प्रयोगात मिळते. भरपूर धूम्रपान करणाऱ्या ९,२११ पुरुषांचे यदृच्छेने दोन गट पाडण्यात आले. एका गटाच्या छातीचे क्ष-किरण चित्र व थुंकीची परीक्षा दर चार महिन्यांनी सहा वर्षे करण्यात आली. दुसऱ्या गटाला वर्षातून एकदा अशी परीक्षा करून घ्यावी, एवढाच सल्ला देण्यात आला. पहिल्या गटात २०६ कर्करोग आढळले, दुसऱ्यात १६०. पहिल्या गटातील रुग्णांपैकी पाच वर्षांहून अधिक जगलेल्यांचे प्रमाणही दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक निघाले. येथवरचा वृत्तांत वाचून चाळणी यशस्वी झाली, असेच कोणी म्हणेल. परंतु फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांची गणना केली तेव्हा पहिल्या गटात १२२ आणि दुसऱ्या गटात ११५ मृत्यू भरले. अधिक रोगी आढळले, आढळलेले अधिक काळ जगले, तरी मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

या विसंगतीचा उलगडा तीन कारणांनी होतो. पहिले कारण कालगणनेचे. समजा, एका मनुष्यास ६७ व्या वर्षी लक्षणे दिसली आणि तो ७० व्या वर्षी मृत्यू पावला. निदानानंतर तो तीन वर्षे जगला, असे नोंदले जाईल. त्याच मनुष्याचा रोग चाळणीत ६३ व्या वर्षी आढळला आणि उपचाराचा काही उपयोग न होता तो ७० व्या वर्षीच वारला, तर तो सात वर्षे जगला अशी नोंद होईल आणि ‘पाच वर्षे जगलेल्यां’च्या यादीत त्याची गणना होईल. त्याच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडली नाही. भर पडली ती रोगाची जाणीव बाळगून जगण्याच्या काळात. दुसरे कारण रोगाच्या गतीचे. मंदगतीने वाढणारी गाठ शरीरात दीर्घकाळ सुप्त असते, म्हणून ठराविक अंतराने होणाऱ्या परीक्षेत तीच अधिक सापडते. शीघ्र वाढणारी घातक गाठ दोन परीक्षांच्या दरम्यान उद्भवून लक्षणे दाखविते. त्यामुळे चाळणीत सापडलेल्या रुग्णांत सौम्य रोगाचे रुग्ण मुळातच अधिक असतात. तिसरे कारण अतिनिदानाचे. काही गाठी इतक्या मंद असतात की, न सापडत्या तर त्या माणसाला आयुष्यभर त्यांचा उपद्रव झाला नसता. अशा माणसावर झालेली शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून गणली जाते, पण तिची आवश्यकताच नव्हती.

तात्पर्य, चाळणीचे मूल्य ‘किती आढळले’ यावरून अथवा ‘आढळलेले किती वर्षे जगले’ यावरून ठरत नाही. समान अशा दोन गटांत त्या रोगाने किती मृत्यू झाले, हीच एक खरी कसोटी होय. १९९९ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी एक हजार धूम्रपानी व्यक्तींची परीक्षा केली, तेव्हा अल्पमात्रा सीटी स्कॅनमध्ये २७ कर्करोग दिसले. साध्या क्ष-किरण चित्रात त्यांपैकी केवळ ७ दिसले. नवे साधन जुन्याहून पुष्कळ सूक्ष्मदर्शी आहे, हे यावरून सिद्ध झाले. ते जीव वाचविते किंवा नाही, हे मात्र तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे सिद्ध होऊ शकले नाही.

३. लाभ

हा प्रश्न सोडविण्यासाठी अमेरिकेत २००२ ते २००४ या काळात राष्ट्रीय फुप्फुस चाळणी प्रयोगात ५३,४५४ व्यक्ती दाखल करून घेण्यात आल्या. वय ५५ ते ७४, धूम्रपान किमान ३० पाकीट-वर्षे, आणि सध्या धूम्रपान चालू अथवा ते सोडून १५ वर्षांहून अधिक काळ न लोटलेला, अशी निवडीची अट होती. एका गटाचे वर्षातून एकदा याप्रमाणे तीन वेळा अल्पमात्रा सीटी स्कॅन करण्यात आले, दुसऱ्याचे तितक्याच वेळा छातीचे क्ष-किरण चित्र. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सीटी गटातील फुप्फुस-कर्करोगाचे मृत्युप्रमाण दुसऱ्या गटाच्या मानाने शेकडा २० ने कमी होते. त्याच वर्षी सुमारे १ लक्ष ५५ हजार व्यक्तींच्या दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगाने असेही दाखविले की, प्रतिवर्षी काढलेल्या क्ष-किरण चित्राने मृत्यू कमी होत नाहीत. त्यामुळे सीटी गटात दिसलेली घट चाळणी मुळीच न करण्याच्या तुलनेतही खरी आहे, असे मानण्यास आधार मिळाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डच-बेल्जियन प्रयोगात, ज्याला ‘नेल्सन’ या नावाने ओळखतात, दहा वर्षांच्या अखेरीस पुरुषांतील मृत्युप्रमाण शेकडा २४ ने कमी आढळले. दोन खंडांतील दोन स्वतंत्र प्रयोगांचा कौल एकाच दिशेने पडल्यामुळे लाभाविषयीची मूलभूत शंका आता उरलेली नाही.

प्रश्न उरतो तो या लाभाच्या परिमाणाचा. ‘मृत्यू शेकडा २० ने घटले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला बहुधा शंभर माणसांतील वीस वाचली असे वाटते. व्याकरणाच्या दृष्टीने येथे ‘शेकडा’ या शब्दाला ‘कशाच्या?’ अशी आकांक्षा आहे, आणि ती पुरी न करताच वाक्य संपविले जाते. अमेरिकन प्रयोगातील मूळ आकडे असे आहेत : सीटी गटातील २६,७२२ व्यक्तींपैकी ३५६ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावले, दुसऱ्या गटातील २६,७३२ व्यक्तींपैकी ४४३. म्हणजे सुमारे साडेसहा वर्षांच्या काळात दर हजारी १६ ते १७ मृत्यूंच्या जागी १३ ते १४ मृत्यू झाले. हजारी तीन जीव वाचले. अथवा निराळ्या शब्दांत, एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ३२० व्यक्तींची चाळणी करावी लागली. शेकडा २० हाही आकडा खरा आणि हजारी ३ हाही खरा. परंतु पहिला आकडा संशोधकाच्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि दुसरा आकडा दारी आलेल्या माणसाच्या प्रश्नाचे.

लाभाच्या दुसऱ्या पारड्यात काय पडते, हेही पाहिले पाहिजे. त्याच प्रयोगात सीटी गटातील शेकडा ३९ व्यक्तींचा निकाल तीन वर्षांत निदान एकदा तरी संशयास्पद आला. आणि अशा संशयास्पद निकालांपैकी शेकडा ९६ हून अधिक निकालांत पुढे कर्करोग निघाला नाही. बहुतेकांचा संशय पुन्हा एखादे स्कॅन करून फिटला. काहींच्या फुप्फुसातून सुईने अथवा शस्त्राने तुकडा काढून पाहावा लागला. अशा छेदक तपासणीनंतर साठ दिवसांच्या आत सीटी गटातील १६ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी १० जणांना कर्करोग होता, ६ जणांना नव्हता. हे मृत्यू त्या तपासणीमुळेच झाले असे म्हणता येणार नाही. तथापि चाळणीचा हिशेब मांडताना ते वगळताही येणार नाहीत. किरणोत्साराची मात्रा मात्र अल्प आहे. एका अल्पमात्रा स्कॅनमध्ये सुमारे दीड मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा मिळते. निसर्गतः मनुष्याला वर्षभरात सरासरी त्याहून अधिकच मिळते. परंतु हे स्कॅन प्रतिवर्षी करावयाचे असल्याने ती बेरीजही ध्यानात ठेवावी लागते.

ही हानी अटळ नाही. चाळणीची भोके किती मोठी ठेवावयाची, यावर ती अवलंबून असते. अमेरिकन प्रयोगात ४ मिलिमीटर अथवा त्याहून मोठी गाठ संशयास्पद गणली जाई. पुढे तेथील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली जी वर्गवारी केली, तीत पहिल्या स्कॅनमधील घन गाठीसाठी ही मर्यादा ६ मिलिमीटरवर नेण्यात आली. तीच वर्गवारी जुन्या प्रयोगाच्या माहितीला लावून पाहता पहिल्या फेरीतील खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण शेकडा २६.६ वरून १२.८ वर आले. मात्र काही खरे रोगीही तीतून निसटले. नेल्सन प्रयोगात गाठीच्या व्यासाऐवजी तिच्या घनफळाचे मापन करण्यात आले, आणि अनिश्चित गाठ दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून ती किती वेगाने वाढते हे पाहण्यात आले. परिणामी तपासलेल्यांपैकी केवळ शेकडा २ च्या आसपास निकाल पुढील निदानासाठी पाठवावे लागले. घाईने शस्त्र न चालविता वाट पाहणे, हीही चाळणीच्या तंत्राची एक बाजू आहे, हे या प्रयोगाने शिकविले.

४. जोखीम

‘जोखीम’ हा शब्द व्यापाराच्या व्यवहारात रुळलेला. तो संकटाची घोषणा करीत नाही. तो हिशेब सुचवितो. ‘धोका’ म्हटले की तो समोर उभा असतो. जोखीम ही मोजावयाची आणि तोलावयाची वस्तू आहे. चाळणीच्या संदर्भात हा भेद कळीचा ठरतो. कारण खोट्या इशाऱ्याची व अनावश्यक शस्त्रक्रियेची हानी सर्वांना सारखीच संभवते, परंतु लाभ मात्र ज्याची जोखीम मोठी त्यालाच मोठा मिळतो. ज्या समूहात रोग मुळात विरळ आहे, त्याला उत्तमातील उत्तम चाळणी लावली तरी तीवर राहिलेल्यांत निरोग्यांचीच गर्दी होणार. म्हणूनच ही चाळणी सर्व प्रौढांसाठी नाही.

जोखीम मोजण्याचे आजचे रूढ माप म्हणजे पाकीट-वर्ष. रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट याप्रमाणे एक वर्ष ओढल्यास एक पाकीट-वर्ष होते. रोज एक पाकीट वीस वर्षे, अथवा रोज दोन पाकिटे दहा वर्षे, या दोहोंचा हिशेब वीस पाकीट-वर्षे असाच होतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१३ साली ५५ ते ८० वयाच्या आणि किमान ३० पाकीट-वर्षे धूम्रपान झालेल्या व्यक्तींना प्रतिवर्षी चाळणीची शिफारस केली. २०२१ साली ही मर्यादा वय ५० आणि २० पाकीट-वर्षे इतकी खाली आणली. स्त्रियांना व कृष्णवर्णीय अमेरिकनांना तुलनेने कमी धूम्रपानानंतरही हा रोग होतो आणि जुन्या अटीमुळे ते चाळणीबाहेर राहतात, हे त्यामागील एक कारण होते. धूम्रपान सोडून १५ वर्षे झाल्यावर चाळणी थांबवावी ही अट अमेरिकन कर्करोग संस्थेने २०२३ साली आपल्या शिफारशीतून काढून टाकली. ब्रिटनने निराळा मार्ग स्वीकारला. तेथे २०२२ साली राष्ट्रीय चाळणी समितीने ५५ ते ७४ वयाच्या, आयुष्यात धूम्रपान केलेल्या व्यक्तींसाठी शिफारस केली. वय, धूम्रपानाचा काळ, कुटुंबातील इतिहास, पूर्वीचे आजार इत्यादींवरून प्रत्येकाची जोखीम गणिताने काढावयाची आणि ठराविक मर्यादेवर ती गेल्यासच स्कॅन करावयाचे, अशी ही योजना आहे. तिच्या आरंभीच्या टप्प्यात तिला ‘फुप्फुस-स्वास्थ्य तपासणी’ असे नाव होते, आणि स्कॅनची यंत्रे वाहनांतून बाजारपेठांच्या आवारात नेण्यात आली. कर्करोग हा शब्दच ज्यांना दाराबाहेर ठेवतो, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा तो प्रयत्न होता. याउलट अमेरिकेत शिफारस असूनही २०२२ साली पात्र व्यक्तींपैकी पाचांत एकाहूनही कमी जणांची चाळणी झालेली होती.

धूम्रपान न करणाऱ्यांचा प्रश्न आणखी बिकट आहे. पूर्व आशियात या रोगाच्या स्त्री-रुग्णांपैकी बहुसंख्य स्त्रियांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. तैवानमध्ये कौटुंबिक इतिहास वा तत्सम जोखीम असलेल्या, पण धूम्रपान न करणाऱ्या १२,०११ व्यक्तींच्या परीक्षेत शेकडा २.६ जणांना कर्करोग आढळला, आणि त्यांतील बहुतेक आरंभीच्या अवस्थेतील होते. तैवानने २०२२ साली कौटुंबिक इतिहास असलेल्यांचा समावेश आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तथापि या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. मेयो क्लिनिकचा अनुभव ज्याला ठाऊक आहे त्याने येथे ‘आढळणे’ आणि ‘वाचणे’ यांतील अंतर विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट. चाळणी जोखीम मोजते, ती कमी करीत नाही. जोखीम कमी करण्याचा सिद्ध मार्ग एकच, आणि तो म्हणजे धूम्रपान सोडणे. सोडल्यापासून दहा-पंधरा वर्षांत फुप्फुस-कर्करोगाची जोखीम धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या मानाने सुमारे निम्म्यावर येते. स्कॅन स्वच्छ आले म्हणून जो पुन्हा निर्धास्तपणे सिगारेट पेटवितो, त्याच्या बाबतीत चाळणीने हानीच केली असे म्हणावे लागेल.

५. भारतीय परिस्थिती

वरील सारा पुरावा संपन्न आणि क्षयरोग विरळ असलेल्या देशांतून आलेला आहे. तो भारतात जसाच्या तसा लागू करता येत नाही, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण क्षयरोग. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. बरा झालेला क्षय फुप्फुसात व्रण आणि गाठी मागे ठेवून जातो, आणि स्कॅनमध्ये अशी गाठ व कर्करोगाची आरंभीची गाठ यांत भेद करणे पुष्कळदा दुष्कर असते. अमेरिकेतील गव्हासाठी बनविलेली चाळणी येथील धान्याला लावली, तर तीवर बरेच काही अडकेल आणि त्यांतील रोगी वेचताना अनेक निरोगी माणसांना छेदक तपासणीतून जावे लागेल.

दुसरे कारण विडी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी शेकडा ७.७ विडी ओढतात आणि शेकडा ४ सिगारेट. विडीत तंबाखू थोडी असली तरी ती विझू नये म्हणून झुरके वारंवार व खोल घ्यावे लागतात, आणि तिला गाळणीही नसते. मग विड्यांच्या एका बंडलाचे पाकीट-वर्ष किती धरावयाचे? या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर नसल्याने जोखमीचे मापच येथे डळमळीत होते. महाराष्ट्रात तर त्याच पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ आणि धूररहित तंबाखू सेवन करणारे शेकडा २४.४ आहेत, अर्थात तंबाखूने होणाऱ्या कर्करोगांपैकी येथे प्रथम चिंता वाहावी ती मुखाच्या कर्करोगाची. शिवाय चुलीचा धूर आणि शहरांतील दूषित हवा ही कारणे पाकीट-वर्षांच्या हिशेबात कोठेच बसत नाहीत. बाहेरील हवेचे प्रदूषण हे कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली दिलेला आहे.

तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण असे की, येथे चाळणीपूर्वीचीच पायरी ढिली आहे. दीर्घकाळ खोकणाऱ्या, थुंकीतून रक्त पडणाऱ्या कर्करोग्याला क्षयरोगी समजून महिनोगणती क्षयाची औषधे दिली जातात आणि त्या काळात शस्त्रक्रियेची वेळ टळून जाते, असा अनुभव भारतीय वैद्यकीय वाङ्मयात वारंवार नोंदला गेला आहे. ज्याच्या दारी लक्षण येऊन उभे आहे त्याचे निदान होत नसताना, लक्षणहीन माणसाच्या चाळणीसाठी यंत्रे उभारणे हे प्राधान्यक्रमाला धरून होणार नाही. केंद्र शासनाने २०१६ साली आखलेल्या कर्करोग चाळणी योजनेत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश केला. फुप्फुसाचा केला नाही, तो याच दृष्टीने समजून घेतला पाहिजे.

यावरून चाळणीचे तत्त्वच भारताला परके आहे, असा ग्रह मात्र होऊ नये. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाने २००९ साली असे दाखविले की, विषाणूच्या एकाच परीक्षेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात. जगातील आरोग्यधोरणावर ज्याचा प्रभाव पडला असा हा पुरावा मराठवाड्याच्या भूमीतून निघाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला दीर्घ पूर्वावस्था असते आणि ती साध्या उपचाराने नाहीशी करता येते. फुप्फुसाच्या कर्करोगात ही सोय नाही. पण ‘मृत्यू मोजा’ ही कसोटी दोन्हीकडे एकच आहे, आणि भारतीय विडी ओढणाऱ्यांसाठी योग्य चाळणी कोणती, हे ठरविण्यासाठीही अशाच प्रकारचा प्रयोग या भूमीवर व्हावा लागेल.

६. उपसंहार

तोपर्यंत जोखीम असलेल्या एखाद्या प्रौढाने स्वखर्चाने स्कॅन करून घ्यावे काय, हा प्रश्न व्यक्तीपुरता उरतोच. मोठ्या शहरांतून अशी सोय आज उपलब्ध आहे. अमेरिकेत वृद्धांच्या शासकीय विमा योजनेने २०१५ साली या चाळणीचा खर्च देण्याचे मान्य केले, तेव्हा पहिल्या स्कॅनपूर्वी लाभ व हानी समजावून सांगणारी स्वतंत्र भेट झाली पाहिजे, अशी अट घातली. या भेटीत काय बोलावयाचे हा जितका वैद्यकाचा प्रश्न आहे, तितकाच तो भाषेचाही आहे. मराठीत तो संवाद पुढील आशयाचा व्हावा : ‘तुमच्यासारख्या एक हजार माणसांनी तीन वर्षे ही चाळणी करून घेतली, तर पुढील सहा-सात वर्षांत सुमारे तिघांचा या रोगाने होणारा मृत्यू टळतो. चारशेच्या जवळपास माणसांना केव्हा ना केव्हा पुढील तपास सांगितला जातो, आणि त्यांतील बहुतेकांना कर्करोग नसतो. हे आकडे अमेरिकेतील आहेत. पूर्वी क्षय झाला असेल तर पुढील तपासाची शक्यता आणखी वाढते. निकालात संशय आला तरी तो रोगाचा निर्वाळा नव्हे. निकाल स्वच्छ आला तरी तो अभयपत्र नव्हे. आणि स्कॅन केले अथवा न केले, तरी धूम्रपान सोडण्याचा लाभ याहून मोठा आहे.’

या निवेदनात एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि तरीही चारही संकल्पना त्यात यथार्थपणे आल्या आहेत. परिभाषाकोशात प्रतिशब्द नोंदविल्याने परिभाषेचे कार्य संपत नाही; ज्याच्या देहाविषयी निर्णय व्हावयाचा आहे त्याला तो निर्णय आपल्या भाषेत तोलता येणे, ही तिची खरी परीक्षा होय. फुप्फुस-कर्करोगाच्या चाळणीत हा निर्णय निरोगी माणसाने घ्यावयाचा असतो. त्याने होकार द्यावा वा नकार, दोन्ही समंजस असू शकतात. मात्र तो त्याने हजारी तिघांचा लाभ आणि चारशेंचा संशय हे दोन्ही आकडे समोर ठेवून दिलेला असला पाहिजे.